कोपरभर ज्वारी

ही गोष्ट फार जुनी आहे. इतकी जुनी की तेव्हाच्या राजाचं नाव आता कुणालाच आठवत नाही. लहानांनी ती ऐकावीच, पण मोठ्यांनी जरा जास्त कान देऊन ऐकावी, कारण तिच्यातली चूक मोठ्यांचीच आहे.

एका उंच माळावर एक गाव होतं आणि गावाच्या मधोमध एक गढी होती. गढीच्या आवारात ओळीने पेवं खणलेली होती. पेव म्हणजे जमिनीच्या पोटातलं कोठार. तोंड अरुंद, माणूस जेमतेम उतरेल एवढं, आणि पोट खोलीएवढं मोठं. आत ज्वारी भरायची, तोंडावर दगड ठेवायचा आणि तो मातीने लिंपून टाकायचा.

गढीच्या ज्या धन्याने ही पेवं खणली, तो भला माणूस होता. त्याने लहानपणी दुष्काळ पाहिला होता. त्याने गावाला सांगितलं, “दर सुगीला प्रत्येक खळ्यावरून एक पाटी ज्वारी इथे द्या. वाईट साल आलं की ती तुमची तुम्हाला परत मिळेल.”

लोकांना पटेना. तेव्हा तो म्हणाला, “माझ्यावर विश्वास ठेवू नका. तुमच्यातल्या सगळ्यात वयस्क माणसाने दरवर्षी पेवात हात घालून बघावं.”

तिथून प्रथा पडली. सुगी संपली की गाव गढीत जमायचं. सगळ्यात वयस्क माणूस पेवाच्या तोंडाशी बसायचा, कोपरापर्यंत हात आत घालायचा, मूठभर ज्वारी वर काढायचा आणि म्हणायचा, “भरलंय.” याला गाव ‘साक्ष’ म्हणायचं. त्या भल्या माणसाच्या काळात साक्ष खरी होती, कारण पेवं तळापासून तोंडापर्यंत भरलेली होती. त्याच्या मुलानेही ती तशीच राखली.

नातू मात्र हौशी निघाला. राजा त्याच्याकडे पाहुणा आला, सोबत फौज आली, हत्ती-घोडे आले. सगळ्यांना खाऊ घालता घालता एक पेव रिकामं झालं. साक्ष तोंडावर आली होती. नातवाने पेवाच्या गळ्यात बांबूची तट्टी अडकवली, खाली भूस भरलं आणि तट्टीवर हातभर ज्वारी पसरली. ‘पुढच्या सुगीला भरून टाकू,’ असं तो मनाशी म्हणाला.

पुढच्या सुगीला गढीचा नवा दरवाजा बांधायचा होता.

मग दुसरं पेव गेलं, मग तिसरं. लोकांच्या पाट्या येत राहिल्या आणि गढीचं स्वयंपाकघर, पागा, लग्नं, मेजवान्या त्यांवर चालत राहिल्या. वरचा थर तेवढा दरवर्षी नवा पडायचा. वयस्क माणूस मूठ वर काढायचा तेव्हा दाणा मोत्यासारखा चमकायचा. लोक कौतुकाने म्हणायचे, “गढीची पेवं बघा, दाण्याला कीड म्हणून नाही.” कीड लागायला दाणा जुना व्हावा लागतो, हे कुणाच्या मनात आलं नाही.

या भरवशावर गावाने स्वतःच्या घरात धान्य साठवणं सोडलं. घरोघरच्या कणग्यांत कोंबड्या अंडी घालू लागल्या.

गढीतला प्रत्येक बाप मरण्याआधी आपल्या मुलाला हे गुपित सांगायचा. मुलगा आधी चिडायचा, मग गप्प व्हायचा, आणि मग बाप व्हायचा.

असं होता होता ते साल आलं.

आदल्या वर्षी पाऊस अर्धाच झाला होता. या वर्षी मृग कोरडा गेला, आर्द्रा कोरडी गेली. विहिरींत गाळ दिसू लागला. लोकांपुढे दोनच वाटा होत्या. एक, घाट उतरून खालच्या मुलखात जायचं. तिथली नदी बारमाही होती, तिथे हाताला काम होतं. पण मधला रस्ता लांब आणि उघडा. त्या रस्त्यावर पाण्याचं ठिकाण एकच, एक जुनं तळं. घाटातून आलेला एक मेंढका सांगून गेला होता, “तळ्यात अजून गुडघाभर पाणी हाय. पंधरवड्यात नुसता चिखल उरंल. जायचं तर आत्ता जावा.”

दुसरी वाट म्हणजे इथेच राहायचं आणि पेवं उघडायची.

गावात रोज वाद व्हायचा. शेवटी लोक गढीच्या धन्याकडे आले आणि म्हणाले, “यंदा साक्ष आधीच होऊ द्या. गावात सगळ्यात वयस्क सटवाआबा, ते हात घालतील. पेवं भरलेली असली तर आम्ही राहतो.”

धनी म्हणाला, “विचार करून सांगतो.” त्या विचारात दिवसांमागून दिवस गेले आणि तिकडे तळं आटत राहिलं. अखेर त्याने होकार दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी साक्ष ठरली.

धन्याला मुलगा नव्हता. एकुलती एक मुलगी होती, सगुणा. त्या दुपारी आवारात कुणी नसताना त्याने तिला पेवांपाशी बोलावलं. एका पेवाचा दगड सरकवला आणि तिच्या हातात एक लांब काठी दिली.

“आत घाल,” तो म्हणाला.

काठी दाण्यांत सहज शिरली आणि लगेच कशावर तरी अडली.

“याखाली काय आहे?” सगुणाने विचारलं.

“तट्टी. तट्टीखाली भूस.”

“बाकीच्या पेवांत?”

“तेच.”

सगुणाने काठी बाहेर काढली.

“माझ्या वडिलांनी मला इथेच उभं करून हे सांगितलं होतं,” धनी म्हणाला. “मला मुलगा नाही, म्हणून तुला सांगतोय. उद्या साक्ष होईल. तू माझ्या शेजारी उभं राहायचंस आणि चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाहीस.”

“दादासाहेब, लोक उद्या राहायचं ठरवतील.”

“ठरवू देत.”

“आणि महिन्याभराने खायला मागतील. तेव्हा?”

“तोवर पाऊस येईल. आर्द्रा गेली म्हणून सगळी नक्षत्रं गेली नाहीत.”

“नाही आला तर?”

धनी पेवाच्या कडेला बसला. तो दुष्ट नव्हता. त्याने जे म्हटलं ते त्याला मनापासून खरं वाटत होतं, आणि म्हणूनच ते जास्त घातक होतं.

“सगुणा, गाव नुसतं पावसावर टिकत नाही. भरवशावर टिकतं. उद्या मी सांगितलं की इथे काही नाही, तर दोन दिवसांत हा माळ ओस पडेल. गेलेली माणसं परत येत नाहीत.”

“जिवंत राहिली तर येतील.”

“आणि गढीचं काय? पाच पिढ्यांचा शब्द आहे. उद्या तुझं लग्न व्हायचंय. कोण दारात उभं राहील?”

“माझं लग्न भुसावर लावायचंय का तुम्हाला?”

“तू या घरची आहेस,” तो एवढंच म्हणाला आणि दगड पुन्हा तोंडावर सरकवून निघून गेला.

सगुणा घागर घेऊन विहिरीवर गेली. खरं तर तिला गढीत थांबवेना. विहिरीवर हरणाक्का होती. ही बाई गावात फटकळ म्हणून प्रसिद्ध. नवरा गेलेला, घरात तीन पोरं आणि दावणीला एक म्हैस. ‘निघा, निघा’ म्हणून सगळ्यात मोठा आरडाओरडा तिचाच असायचा.

“या ताईसाहेब,” हरणाक्का म्हणाली. “तुमी पण गाळ उपसायला? गढीचा पोहरा सोन्याचा असंल, पर खाली चिखल तोच.”

“तुम्ही निघणार होतात ना, अक्का?”

“निघालेच होते की. बोचकं बांधलं होतं, म्हशीच्या गळ्यात दोरी घातली होती. पर उद्या आबा हात घालणार म्हणलं. मग सोडलं बोचकं. लहानग्या पोरीला घेऊन त्या उन्हात कोण मरायला जातंय? पेव हाय तर पेव खाऊ.”

सगुणाच्या ओठांपर्यंत शब्द आला. विहिरीवर दुसरं कुणी नव्हतं. एक वाक्य बोललं की झालं असतं. पण घरात वाढलेली मुलगी घराविरुद्धचं पहिलं वाक्य सहजासहजी बोलत नाही. ती गप्प राहिली.

हरणाक्काने गढूळ पाण्याची घागर डोक्यावर घेतली. “तुमच्या वडलांचं भलं होऊ दे,” असं म्हणून ती गेली. त्या आशीर्वादाने सगुणाला कळलं, की आपण एकदा गप्प बसलो आणि एक बोचकं सुटलं. उद्या गप्प बसलो तर सगळ्या गावाची सुटतील.

सकाळी गढीचं आवार भरून गेलं. लेकरंसुद्धा आयांच्या पदराला धरून उभी होती. पेवाचा दगड बाजूला झाला.

सटवाआबा पुढे आले. बाही वर सारली. मागचे लोक पुढे रेटू लागले तसे ते वळून म्हणाले, “ढकलू नका रं. हात हाय, हत्तीची सोंड न्हाई.”

कुणी हसलं नाही. आबा गुडघ्यांवर बसले. त्यांनी हात आत घातला, कोपरापर्यंत, नेहमीसारखा. मूठ वर आली. उघडली. पांढरी, टपोरी ज्वारी.

“भरलंय,” आबा म्हणाले.

सगळ्या आवारातून एक सुस्कारा गेला. हरणाक्का मटकन खाली बसली आणि पदर तोंडाला लावून रडू लागली. कुणी तरी म्हणालं, “चला, म्हशीला पाणी पाजा. कुठं जायचं न्हाई आता.”

“भरलेलं नाही,” सगुणा म्हणाली.

आवाज मोठा नव्हता, तरी सगळ्यांनी ऐकला.

“वर कोपरभर ज्वारी आहे. खाली तट्टी आहे. तिच्याखाली भूस. सगळ्या पेवांत तसंच आहे. तुम्ही आजच निघा.”

तुम्हाला वाटेल, लोक धन्यावर चिडले असतील. नाही. लोक तिच्यावर चिडले. ज्याला नुकताच जीव वाचल्यासारखं वाटलं आहे, त्याला खरं सांगणारा माणूस शत्रू वाटतो.

सटवाआबा उठून उभे राहिले. “म्हंजे माझा हात खोटा? इतक्या वर्सांचा?”

“हात खोटा नाही, आबा. तो कोपरापर्यंतच जातो.”

“मुलीला ऊन लागलंय,” धनी म्हणाला. त्याचा आवाज शांत होता. “तिला आत न्या.”

“मग काठी घालून बघा,” सगुणा म्हणाली. “एक लांब काठी आणा आणि इथे खुपसा. मी खोटी ठरले तर गढीतून निघून जाते.”

गर्दीत चुळबुळ झाली. एक जण काठी घेऊन पुढे झालासुद्धा. पण आबांनीच त्याला अडवलं. “पेवात काठी? आईच्या पोटात काठी घालशील का रं? साक्ष हातानं असती. बापजाद्यांनी हातानं केली.”

“खरं आहे,” धनी म्हणाला.

काठीवाला मागे सरला. दोन बायका सगुणाचे दंड धरायला आल्या. लोक पाठ फिरवू लागले, घरी जाऊन बोचकी सोडण्यासाठी.

तेव्हा सगुणा पेवाच्या कडेवर चढली.

ती काय करते आहे हे लोकांच्या ध्यानात आलं आणि पाठ फिरवलेलेही जागीच थांबले. अन्नाला पाय लावणं त्या गावात कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं. एक दाणा पायाखाली आला तरी माणसं वाकून तो उचलायची आणि कपाळाला लावायची. सगुणाने वाकून ज्वारीला नमस्कार केला आणि दोन्ही पाय टाकून ती त्या ज्वारीवर उभी राहिली.

पेव भरलेलं असतं तर ती घोट्यापर्यंत रुतली असती, एवढंच.

आधी एक बारीक कडकड आली. मग तट्टी मोडली. ज्वारी तिच्याभोवती गरकन फिरली, ओहोळासारखी खाली ओढली गेली, आणि तिच्याबरोबर सगुणा छातीपर्यंत, मग गळ्यापर्यंत आत गेली. पेवातून कुजलेल्या भुसाची गरम वाफ वर आली. जवळ उभे असलेले लोक नाक दाबून मागे हटले. त्यांना काय करावं ते कळेना. तिने धान्याला पाय लावला म्हणून देवच तिला गिळतोय, असंही काहींना वाटलं.

“धरा तिला,” धनी ओरडला. “खाली दाणा नाही, खाली पोकळ आहे. भूस कुजलंय, ती गुदमरेल. हात द्या कुणीतरी.”

पिढ्यान्‌पिढ्या जे वाक्य गिळलं गेलं होतं, ते असं सगळ्या गावासमोर बाहेर पडलं. गावासाठी नाही; स्वतःच्या लेकीसाठी. लक्षात ठेवा, ही गोष्ट आपण धन्याला माफ करण्यासाठी सांगत नाही.

सटवाआबा पालथे पडले. या वेळी त्यांनी हात खांद्यापर्यंत घातला. त्यांच्या बोटांना सगुणाचं मनगट लागलं. कुणीतरी पागोटं सोडून खाली टाकलं, चौघांनी आबांचे पाय धरले आणि सगुणा वर आली. तोंडात, केसांत, कानांत काळं भूस. ती खोकत राहिली. श्वास नीट यायला बराच वेळ लागला.

हरणाक्का उठली आणि धन्यासमोर जाऊन उभी राहिली. “धनी, तुमाला ठावं होतं?”

“होतं.”

“समदी पेवं?”

“सगळी.”

मागे कुणीतरी दगड उचलला. त्याचा आवाज धन्यानेही ऐकला असावा, पण तो जागचा हलला नाही.

“टाक तो खाली,” हरणाक्का मागे न बघता म्हणाली. “मारायला वेळ कुणाला हाय? पोती आणा. हाय तेवढी ज्वारी वरनं काढून घ्या. उन्हं उतरली की निघायचं.”

सटवाआबा मात्र अजून पेवाशीच बसले होते, आपल्या हाताकडे बघत. “कोपरापर्यंत घाल, असं मला कुणी सांगितलं न्हवतं,” ते स्वतःशीच म्हणाले. “खांद्यापर्यंत घातला असता तर कुणी अडवलं असतं? मीच घातला न्हाई. वरचा दाणा चांगला लागला की बरं वाटायचं.”

सगळ्या पेवांच्या तोंडातली ज्वारी काढली, चाळली. जी तट्टी तुटून खाली गेली तिच्याबरोबरची तेवढी वाया गेली. उरली ती वाटेपुरती होती. प्रत्येक घराने आपला वाटा उचलला आणि उन्हं उतरताच गाव चालू लागलं. पुढे म्हशी, मध्ये लेकरं, मागे म्हातारी माणसं. सगुणा म्हाताऱ्यांच्या बरोबरीने चालत होती.

गढीच्या दरवाज्यातून सगळ्यात शेवटी धनी आला. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. एका म्हातारीचं पोतं रस्त्याच्या कडेला पडलं होतं, ते त्याने डोक्यावर घेतलं. त्याच्या डोक्यावरून ते कुणी उतरवून घेतलं नाही, आणि त्याचे आभारही कुणी मानले नाहीत.

तळ्यावर पोचले तेव्हा गुडघाभर पाणी कुठेच नव्हतं. मधोमध गाईच्या पाठीएवढं डबकं उरलं होतं. लुगड्याच्या पदरातून गाळून, ओंजळ ओंजळ वाटून माणसांनी ते प्यायलं. जनावरांना पुरलं नाही. हरणाक्काची म्हैस तिथेच बसली. घाटाच्या तोंडाशी सटवाआबा दम खायला टेकले ते उठले नाहीत. आणखी दोन म्हातारी माणसं उतारावर दगावली.

आबांना माती देऊन झाल्यावर हरणाक्का धन्याजवळ आली. ती ओरडली नाही.

“आमी साक्ष मागितली त्याच दिवशी तुमी सांगितलं असतं,” ती म्हणाली, “तर तळ्यात पाणी होतं.”

धन्याने मान खाली घातली. सगुणा शेजारीच उभी होती.

बाकी गाव घाट उतरलं, नदीला लागलं आणि जगलं. वर माळावर त्या साली पाऊस आलाच नाही. एकही नक्षत्र ओलं झालं नाही. साक्षीवर विसंबून सगळे तिथेच राहिले असते, तर आज ही गोष्ट सांगायला कुणी उरलं नसतं.

म्हणून मुलांनो, आणि मुलांच्या आईबापांनो, हे ध्यानात ठेवा: रिकामं कोठार माणसाला चालायला लावतं, पण खोटा भरवसा त्याला जागच्या जागी मारतो.